मंडालेहून आलेला, मंडालेला नेलेला

उद्या अक्षय्य तृतीया. आज रत्नागिरीत कुणाशी दोन मिनिटे धड बोलता येणार नाही. पेट्यांत पेंढा पसरायचा आहे, डझनांचा हिशेब लागायचा आहे, मुंबईच्या चुलतभावाचा ‘आमच्या किती?’ म्हणून तिसरा फोन यायचा आहे. रस्त्यावर आंब्याचे टेम्पो आणि पर्यटकांच्या गाड्या एकमेकांना वाट देत-घेत चालल्या आहेत. परीक्षा आटोपल्या की पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-सांगलीची माणसे इकडे वळतात. त्यांचा बेत घरूनच ठरून आलेला असतो. गणपतीपुळे, आरे-वारेच्या वळणावर फोटो, जमले तर पावस, निघताना दोन पेट्या. शहराच्या वाट्याला एक दुपार येते, तीही जेवणानंतरची, पेंगुळलेली. त्या दुपारी चार तासांत सात ‘पॉइंट’ उरकतात आणि गाडी हातखंब्याच्या दिशेने निघून जाते.

आज, १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनही आहे. युनेस्कोने त्याला १९८३ साली मान्यता दिली. दिनविशेष म्हणून त्याच्यावर चार ओळी दरवर्षी छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात आंबा गुंडाळला जातो. यंदाच्या एप्रिलला मात्र आणखी एक निमित्त आहे आणि ते कुठल्याही कॅलेंडरात नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावर आणून उतरवले, त्याला या महिन्यात १४० वर्षे झाली. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही रिक्षात बसलो आणि राजाच्या समाधीपाशी न्यायला सांगितले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले.

‘कुठला राजा?’

‘थिबा राजा.’

‘मग पॅलेसला चला ना. समाधीला काय बघायचं? तिकडं कोण जात नाय.’

त्याचे काही चुकले नाही. आम्हीही जात नाही. या शहरात आयुष्य काढलेल्या किती जणांनी ती समाधी पाहिली आहे, हे आपापल्या घरात विचारून पाहावे. शिवाजीनगरच्या वस्तीत, इमारतींच्या मध्ये ती आहे. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी थेट तिच्यावरच्या आकाशात फडफडतात. भोवतालच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणीतरी शिकवणीच्या मुलांना पाढे म्हणायला लावते. मंडालेच्या काचमण्यांच्या आणि सोनेरी खांबांच्या राजवाड्यात सिंहासनावर बसलेला माणूस या सगळ्या आवाजांत कायमचा झोपलेला आहे.

हकिगत तशी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. थिबा १८७८ साली गादीवर आला. कोनबाँग घराण्याचा तो शेवटचा राजा. सागवानाच्या व्यापारावरून तंटा उकरून इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेवर फौज आणली. लढाई म्हणावी अशी लढाई झालीच नाही. २९ नोव्हेंबरला राजा, राणी सुपयालत, धाकटी राणी आणि दोन लहान मुली यांना आगबोटीत बसवून इरावतीतून खाली नेले. राजाचे वय तेव्हा २७ पूर्ण व्हायला आले होते. आधी मद्रास, आणि मग १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी इथे. पुढची ३० वर्षे तो इथेच राहिला आणि १५ डिसेंबर १९१६ रोजी इथेच वारला. ज्या सिंहासनावर तो बसला, त्यावर त्याची कारकीर्द सात वर्षांची. जन्मठेप त्याच्या चौपटीहून अधिक.

पण रत्नागिरीच का? या प्रश्नाचे उत्तर पर्यटन पत्रिकेत सापडत नाही, आणि या शहराच्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे. १८२२ साली इंग्रजांनी जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून इथे हलवले. त्यामुळे कलेक्टर होता, पोलीस होते, सिव्हिल सर्जन होता, कोर्ट आणि तुरुंगही होता. आणि जायला-यायला वाट जवळपास नव्हती. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. आगगाडी नाही, ती यायला कोकण रेल्वेची वाट पाहावी लागली, विसाव्या शतकाच्या अगदी शेवटापर्यंत. बोट होती, पण पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गाव जगापासून तुटलेले. कारभार करण्याइतके शहर आणि पळून जाता येणार नाही इतकी अडचण, असा दुहेरी सोयीचा मुलूख साम्राज्याला कुठे मिळणार? आपण ज्याला कोकणचे एकांत सौंदर्य म्हणून विकतो, त्याच एकांताचा सरकारने कैदी ठेवायला उपयोग केला. रत्नागिरी ही रत्नांची खाण, असे भाषणात म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. खाण असेलही. पण बाहेरची माणसे इथे आणून ठेवायची कोठीही होती, हे त्या भाषणात येत नाही.

राजाला सुरुवातीची २४ वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांच्या जुन्या बंगल्यांत ठेवले. तनख्यात भागेना, म्हणून सोबत आणलेली माणके एकेक करून जव्हेऱ्यांच्या हाती गेली. रत्नागिरी नावाच्या गावात येऊन माणसाने रत्ने विकावीत, यातला क्रूर विनोद कुणा इंग्रज कारकुनाच्या लक्षात आला असेल की नाही, कोण जाणे. नवा राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुटुंब तिथे राहायला गेले.

हा राजवाडा सावकाश बघण्याजोगा आहे. तीन मजले, कौलारू उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या, आणि त्यांच्यावर ब्रह्मी सागवानाचे नक्षीकाम. दुपारच्या गर्दीत माणसे खालच्या दालनातल्या मूर्ती बघतात, गॅलरीत उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. पण वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीपाशी दहा मिनिटे थांबावे. खाली माड, त्यापलीकडे भाट्याची खाडी, आणि खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याचा रंग बदलताना दिसतो. राजवाड्यासाठी इतकी सुंदर जागा दुसरी सापडली नसती. आणि तिथून दिसतो तो नेमका तोच रस्ता, ज्याने परत जायची परवानगी नव्हती. खिडकीच्या लाकडावरून हात फिरवला तर बोटाला नक्षीच्या कडा लागतात, शंभराहून जास्त पावसाळे खाऊनही बोथट न झालेल्या. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत फणसाचे दार पन्नास वर्षांत कुरकुरायला लागते. हे सागवान अजून मुके आहे.

इथेच १९१४ साली राजाने चारही मुलींचा कान टोचण्याचा सोहळा थाटाने केला. ब्रह्मी रिवाजाप्रमाणे हा विधी मुलगी वयात येताना व्हायचा. थोरली तेव्हा तिशी ओलांडून गेलेली होती. आपल्याकडे ‘कान टोचणे’ म्हणजे वडीलकीने दोन शब्द सुनावणे. राजाचे कान सरकार रोजच टोचत होते. मुलींचे टोचायला त्याला मंडाले सुटल्यावर २८ वर्षे लागली.

आता या कथेचा दुसरा पदर. राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर टिळक आळी आहे. तिथल्या कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी केशव गंगाधर टिळक जन्मला. घरात त्याला बाळ म्हणत, पुढे जगाने बाळ गंगाधर म्हटले. वडील गंगाधरपंत शिक्षक. वयाची दहा वर्षे बाळ या आळीत खेळला, मग वडिलांची बदली पुण्याला झाली. घर कोकणी मध्यमवर्गीय घर असते तसे आहे. ओटी, माजघर, जिन्याच्या अरुंद पायऱ्या. वास्तू सरकारी पुरातत्त्व खात्याने जपली आहे. भिंतींवर तसबिरी आहेत, माहितीचे फलक आहेत. शाळांच्या सहली रांगेने येतात आणि रांगेने जातात.

त्या फलकांवर मंडाले हा शब्द असतो. राजवाड्यातल्या फलकांवरही मंडाले हा शब्द असतो. दोन्ही फलक एकमेकांशी बोलत मात्र नाहीत.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची सजा झाली. नेले कुठे? मंडालेला. तुरुंग कुठे होता? मंडालेच्या जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत, म्हणजे थिबाच्या राजधानीच्या पोटात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस ब्रह्मी राजाच्या किल्ल्यात कैदी, आणि त्या किल्ल्याचा धनी रत्नागिरीत कैदी. राज्यकर्त्यांनी दोन गावांत माणसांची अशी अदलाबदल केली. याहून नवल तारखांचे आहे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले ते १९१० च्या नोव्हेंबरात, आणि पुढच्या मार्चअखेर पेन्सिलीने लिहिलेले हस्तलिखित पुरेही केले. ज्या महिन्यात थिबाचे कुटुंब रत्नागिरीच्या नव्या राजवाड्यात सामान लावत होते, त्याच महिन्यात रत्नागिरीचा एक मुलगा, आता ५४ वर्षांचा, मधुमेहाने खंगलेला, थिबाच्या तटबंदीआड कर्मयोगावर लिहीत होता. या योगायोगावर एखाद्या कादंबरीकाराने प्रकरण लिहिले असते तर समीक्षकांनी ‘ओढूनताणून’ म्हणून बाजूला ठेवले असते.

हे आम्ही पाहुण्यांना सांगतो का? गेल्या मे महिन्यात पुण्याहून आलेल्या नातलगांबरोबर आम्ही एका सहलीच्या गाडीत बसलो होतो. वाटाड्या उत्साही होता, आवाज खणखणीत होता. त्याने माइकवर सांगितले, की थिबा राजा हा इंग्रजांचा दोस्त होता आणि त्याची प्रकृती बरी नसे, म्हणून त्याला हवापालटासाठी इथे बंगला बांधून दिला. गाडीतल्या कुणालाही काही खटकले नाही. आमच्या मेव्हण्याने तर कौतुकाने मान हलवली, ‘हवा आहेच छान.’ आम्ही तोंड उघडले आणि मिटले. तेवढ्यात पुढचा पॉइंट आला.

गावात तिसरा कैदीही आहे. विनायक दामोदर सावरकरांना १९२१ साली अंदमानातून परत आणले आणि इथल्या तुरुंगातही ठेवले. ६ जानेवारी १९२४ रोजी सोडले, ते जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि राजकारणात पडायचे नाही या अटींवर. पाच वर्षांची म्हणून घातलेली अट वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. म्हणजे सुमारे १३ वर्षे अख्खा जिल्हा हाच त्यांचा तुरुंग. राजकारण बंद, म्हणून समाजकारण. सहभोजने, शाळेत सगळ्या जातींची मुले सरमिसळ बसवण्याचा आग्रह, ‘उःशाप’सारखे अस्पृश्यतेवरचे नाटक. १९२७ च्या मार्चमध्ये गांधीजी रत्नागिरीत आले तेव्हा त्यांना घरी जाऊन भेटले. सावरकरांच्या नावावर आज ज्या बाजूने आणि ज्या आवाजात बोलले जाते, त्यात त्यांची रत्नागिरीतली वर्षे दोन्हीकडचे लोक घाईने उलटतात. एकाला त्यांतला जातिभंजक अडचणीचा, दुसऱ्याला तो मान्य करणे जिवावर येते.

त्या वर्षांची खूण म्हणजे पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीर यांनी ते बांधून दिले. भागोजीशेठ भंडारी समाजातले, रत्नागिरीतून मुंबईत जाऊन बांधकामाच्या धंद्यात पै-पै करून मोठे झालेले. हातात पैसा आला तरी देवळाच्या गाभाऱ्याची पायरी जातीने अडवलेली होती. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते लक्ष्मीनारायणाची स्थापना झाली आणि गाभाऱ्यापर्यंत सर्व हिंदूंना मोकळीक मिळाली. आज सकाळी गेलात तर कुणी एक आजोबा प्रदक्षिणा घालत असतात, पोरे बाहेर सायकली टेकवून सावलीला बसलेली असतात. सगळे इतके साधे, की एकेकाळी या उंबऱ्यासाठी भांडावे लागले हे ध्यानात येत नाही. भांडण जिंकल्याची हीच खूण असावी. पण मग ते भांडण काय होते, हे सांगणारे कुणीतरी तिथे असायला हवे.

राजाच्या घरालाही असाच एक उंबरा होता. थिबाची थोरली मुलगी गोपाळ सावंत नावाच्या दरवानाच्या प्रेमात पडली. तो विवाहित होता. १९०६ साली तिला मुलगी झाली, टुटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये कुटुंबाला मायदेशी परतायला परवानगी मिळाली. थोरली राजकन्याही गेली, आणि ज्या गावाला तिच्या घरचे तुरुंग म्हणत त्या गावी मुलीला घेऊन परत आली. १९४७ मध्ये ती इथेच वारली. टुटूचे लग्न इथल्याच एका माणसाशी झाले. पुढचे आयुष्य हलाखीचे. शेणी थापून, कागदाची फुले करून तिने संसार ओढला. तिला मराठी सोडून दुसरी भाषा येत नव्हती. २००० साली तिचे निधन झाले तेव्हा या गावात तिला ओळखणारी बाजारातली, पाणवठ्यावरची पुष्कळ माणसे होती. ती म्यानमारच्या राजाची नात आहे हे त्यांतल्या कितीतरी जणांना माहीत होते आणि त्याचे कुणाला काही विशेष वाटत नव्हते. आम्हाला यात रत्नागिरीचा स्वभाव दिसतो. इथे राजाला कुणी मुजरा करत नाही आणि शेणी विकणारीला ‘तू इथली नव्हेस’ असेही कुणी म्हणत नाही. पुलंनी मधल्या आळीतला अंतू बर्वा रंगवला, तो तिरकस बोलणारा खराच. पण त्या तिरकसपणामागे माणसाला आपले म्हणून टाकायची एक सवय आहे.

समाधीची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. राजा वारला तेव्हा सुपयालतने त्याला इथे पुरू दिले नाही. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली होती, तिचीही शवपेटी तशीच ठेवलेली. दोघांना मंडालेला नेईन, हा तिचा हट्ट. सरकारने परवानगी दिली नाही. शेवटी १९१९ मध्ये, कुटुंब परतण्याच्या थोडे आधी, तिच्या इच्छेविरुद्ध दोघांना इथल्या समाधीत ठेवण्यात आले. राणी परत गेली आणि रंगूनला १९२५ मध्ये वारली.

रंगून म्हटले की दुसरी समाधी आठवते. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर १८६२ मध्ये तिथे कैदेतच गेला. हिंदुस्थानचा राजा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा हिंदुस्थानात, असे हे फासे. जफरची कबर आज दर्गा आहे. यांगूनचे लोक त्याला पीर मानतात, चादर चढवतात. २०१२ च्या मे महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे जाऊन आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. परदेशी राष्ट्रप्रमुख एवढ्या आडवाटेला येतो, तो आंब्यासाठी नक्कीच आला नव्हता. त्या दिवसापुरता आमचा रस्ता झाडून निघाला.

वारशाची मोजदाद आता जिल्ह्यात वाढते आहे, हे खरे. गेल्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे. कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू ही आपल्याच जिल्ह्यातली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, जनावरे, पाखरे कोरलेली आहेत. ही शिल्पे भर दुपारी बघायला गेलात तर फसाल. डोक्यावरच्या उन्हात कातळ नुसता पांढरट दिसतो. सूर्य कलला, की कोरलेल्या रेषांच्या एका काठावर सावली धरते आणि पायाखालून अख्खा हत्ती वर येतो. हजारो वर्षांपूर्वी ते कोणी कोरले, का कोरले, याचा अभ्यास चालू आहे. गुराखी पोरांना त्यांची ठिकाणे आधीपासून ठाऊक होती, ही गोष्ट आम्हाला विशेष आवडते. बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलात रिफायनरीच्या माती परीक्षणावरून जे पेटले, तेव्हा कातळशिल्पांचे नाव दोन्ही बाजूंच्या तोंडी होते. एरवी ते कुणाच्या तोंडी नसते.

रत्नदुर्गावर जायचे ते भगवतीच्या दर्शनाला आणि वाऱ्याला. तीन बाजूंनी समुद्र, घोड्याच्या नालासारखा किल्ला, पलीकडच्या टेकाडावर दीपगृह. पाऊस उतरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत हिरवे असताना जावे. झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा मुलांना दाखवावा, मोठ्यांनाही आवडतो. मांडवीच्या काळ्या वाळूवर संध्याकाळ घालवावी. मालगुंडला केशवसुतांचे घर आहे, गणपतीपुळ्याला जाणाऱ्याने त्यासाठी अर्धा तास वाकडी वाट करायला हरकत नसावी. शिमग्यात आलात तर बारा वाड्यांच्या भैरीची पालखी बघा. तो आमचा खरा राजा आहे आणि तो वर्षातून एकदा स्वतःहून घरी येतो.

यांच्याहून कमी बघितली जाणारी एक वास्तू म्हणजे आमचे नगर वाचनालय. स्थापना १८२८. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये. म्हणजे मराठीत वर्तमानपत्र निघण्याच्या चार वर्षे आधी या गावात वाचनालय होते. देशात आगगाडी धावायला आणखी २५ वर्षे अवकाश होता. पर्यटकांच्या यादीत वाचनालय असत नाही. का असू नये? माणसे परदेशात गेली, की तिथली ग्रंथालये बघायला तिकीट काढतात आणि आल्यावर त्याबद्दल लेख लिहितात.

गाव बघणे म्हणजे काय, याबद्दल आमचे एकच म्हणणे आहे. पॉइंट बघू नका, एका पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाणारी वाट बघा. टिळक आळी, तुरुंग, पतितपावन, राजवाडा आणि समाधी या पाच जागा एकाच गोष्टीची पाने आहेत, आणि ती पाने आम्ही वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवली आहेत. एकीकडे पुरातत्त्व खाते, एकीकडे कारागृह, एकीकडे देवस्थान, एकीकडे नगरपालिका. प्रत्येकाची वेळ निराळी, सुटीचा वार निराळा. यांतल्या एका ठिकाणी आम्ही या महिन्यात दोनदा गेलो आणि दोनदा कुलूप पाहून परतलो. दुसऱ्यांदा तर बाहेरच्या फळीवर ‘उघडे’ अशी पाटी होती आणि कुलूप त्या पाटीच्याच कडीला होते.

कोट्यवधींचा निधी मागण्याची इथे गरज नाही. चालत तीन तासांत होणारी एक वाट आखावी, तिच्यावर मराठीत नीट लिहिलेले फलक लावावेत, समाधीपाशी एक ब्रह्मी भाषेतलाही. टिळकांच्या घरातल्या फलकावर राजवाड्याचा पत्ता असावा आणि राजवाड्यातल्या फलकावर टिळक आळीचा. महाविद्यालयातली इतिहासाची मुले मे महिन्यात मोकळी असतात. त्यांना वाटाडे म्हणून तयार करावे, दिवसाचे चार पैसे मिळतील आणि हवापालटाच्या कथाही बंद होतील. आणि समाधीकडे वळणाऱ्या रस्त्यावर बाणाची एक पाटी असावी, म्हणजे रिक्षावाल्याला आरशातून बघावे लागणार नाही. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

सरकार हे कधी करील ते करो. उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता आम्ही टिळक आळीत, लोकमान्यांच्या घराच्या फाटकापाशी उभे असू. तिथून निघून तुरुंगाच्या भिंतीकडेने पतितपावन, मग राजवाडा बाहेरून. आत जायचे ते पुन्हा एकदा, वेळेत, तिकीट काढून. शेवटी शिवाजीनगर. सण आहे याची जाणीव आहे. घरोघर पाण्याची केळी भरायची असते, पितरांची नावे घ्यायची असतात, रसाचे आंबे पिळायचे असतात. म्हणून दहाच्या आत सोडू, नैवेद्याला घरी पोचाल. डोक्याला टोपी हवी. पाणी आपापले आणावे, जमल्यास एक तांब्या जास्तीचा.